पैसे भरणाऱ्याची सही राहिली: कोल्हापूरच्या रस्ते प्रकल्पाचे प्रकरण

४९.९९ किलोमीटर. कोल्हापूरच्या एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पाच्या कागदांवर रस्त्यांची लांबी एवढी लिहिलेली आहे. पन्नासला एक शतांश कमी, बाटाच्या चपलेच्या किमतीसारखी. खर्चाचा आकडा २२० कोटी, मुदत ३० वर्षे, पद्धत ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत बीओटी: कंपनीने आपल्या पैशाने बांधायचे, टोलमधून वसूल करायचे आणि मुदत संपली की परत द्यायचे. २००८ मध्ये करार झाला. डिसेंबर २०१५ मध्ये टोल कायमचा रद्द झाल्याची घोषणा झाली आणि साडेचारशे कोटींच्या पुढची रक्कम सरकारी तिजोरीतून कंपनीला देण्याचे ठरले.

म्हणजे ज्या पद्धतीचा सगळा डौल ‘सरकारचा पैसा लागत नाही’ या वाक्यावर उभा होता, तिथे मूळ खर्चाच्या दुपटीहून जास्त पैसा शेवटी सरकारचाच गेला. नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांत माझी बरीच वर्षे गेली. नव्याने रुजू झालेल्या लेखापालांना सार्वजनिक-खासगी भागीदारी समजावून सांगायची वेळ आली की मी मेट्रो, विमानतळ बाजूला ठेवतो आणि कोल्हापूरच काढतो. एक तर आकडे डोक्यात मावण्याएवढे लहान आहेत. दुसरे म्हणजे या प्रकरणात कोणीही एकटा खलनायक सापडत नाही, आणि खलनायक सापडला नाही की माणूस नाइलाजाने कराराचे कागद वाचू लागतो.

पैसा का नव्हता

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास. क्षेत्रफळ सुमारे ६७ चौरस किलोमीटर. महापालिका १९७२ ची, पण तेव्हापासून हद्द वाढलेली नाही. हद्दवाढ हा कोल्हापुरात चहाच्या गाड्यावरही जपून काढायचा विषय. शहर म्हणते गावे आत घ्या, गावे म्हणतात तुमचा घरफाळा आणि तुमच्या आरक्षणांचे नकाशे तुम्हालाच लखलाभ. मधल्या काळात शहर काही थांबले नाही. उचगाव, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी इकडे घरे वाढत गेली. माणसे राहायला हद्दीबाहेर. नोकरी, शाळा, दवाखाना, बाजार आणि अंबाबाई हद्दीच्या आत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती, तिथले फाउंड्री कारखाने हेही बाहेर. महापालिकेच्या रस्त्यांवर रोज जी वाहतूक चालते, तिच्यातला मोठा वाटा असा, की जो महापालिकेला घरफाळ्यापोटी दमडी देत नाही.

हे लक्षात ठेवा. पुढे हाच मुद्दा फिरून येतो.

महापालिकेचे तेव्हाचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः जकात, मग तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर), शिवाय घरफाळा, पाणीपट्टी आणि सरकारी अनुदाने. पगार, निवृत्तिवेतन आणि वीजबिल भागवून जे उरते, त्यातून दरवर्षी थोडे थोडे डांबर पडते. २२० कोटी एकरकमी काढणे तिला शक्य नव्हते आणि कर्ज काढण्याएवढी पत आणि हिंमत दोन्ही नव्हती. रस्त्यांची गरज मात्र खरी होती. जुन्या पेठांच्या गल्ल्या सोडा, पण बाहेरून शहरात येणारे मुख्य रस्तेही वाढलेल्या वाहतुकीला पुरत नव्हते.

इथे महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ मधे आले. हे महामंडळ १९९६ चे. मुंबईतले उड्डाणपूल आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ही त्याची गाजलेली कामे. नागपूर, औरंगाबाद, सोलापूर, अमरावती अशा शहरांतही महामंडळाने एकात्मिक रस्ते प्रकल्प केले होते. कोल्हापुरात त्रिपक्षीय करार झाला: रस्ते महापालिकेचे, देखरेख महामंडळाची आणि पैसा व काम आयआरबी समूहाने या प्रकल्पासाठी काढलेल्या स्वतंत्र कंपनीचे. अशी स्वतंत्र कंपनी काढणे हा नेहमीचा रिवाज आहे. बँकेचे कर्ज त्या एका प्रकल्पावर, वसुली त्या एका प्रकल्पाची, आणि बुडाले तर मूळ कंपनीचे बाकीचे घर शाबूत. टोलशिवाय कंपनीला टेंबलाईवाडीतली सुमारे तीस हजार चौरस मीटर जागा नाममात्र भाड्याने ९९ वर्षांसाठी मिळाली. सात एकरांच्या पुढची जागा आहे ही, आणि शहराच्या अंगाला लागून.

तसे पाहिले तर भागीदारी कोल्हापूरला नवी नव्हती. मिरजेहून कोल्हापूरला येणारी रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली, ती मालकीने कोल्हापूर दरबारची होती आणि गाड्या चालवत होती सदर्न मराठा रेल्वे कंपनी. लांबीही गंमत म्हणजे या रस्त्यांच्या जवळपास तेवढीच. फरक एवढाच, की रेल्वेचे तिकीट काढणाऱ्याला आपण कशाचे पैसे देतोय हे कळत होते.

कागदावरचे गणित

आता थोडा हिशेब. कंपनीचा खरा आर्थिक आराखडा काय होता ते बाजूला ठेवू. आपण आपला साधा हिशेब करू. २२० कोटी रुपये १२ टक्के व्याजाने घेतले आणि ३० वर्षांत सारख्या हप्त्यांनी फेडायचे म्हटले, तर वर्षाचा हप्ता साधारण २७ कोटी ३० लाख येतो. दिवसाला साडेसात लाख. यात नाक्यावरच्या माणसांचा पगार नाही, दर काही वर्षांनी करायचा डांबराचा नवा थर नाही, दिवाबत्ती नाही, कंपनीचा नफा नाही. सरासरी वाहनामागे वीस रुपये धरले, तरी नुसत्या हप्त्यापोटी रोज सदतीस हजारांवर वाहनांनी टोल भरायला हवा. प्रत्यक्षात सुरुवातीला वसुली कमी आणि पुढे वाहने व दर वाढतील तशी जास्त, असा चढ धरलेला असतो. पण कसेही फिरवले तरी बेरीज चुकत नाही.

हीच रक्कम लोकसंख्येवर पसरली तर माणशी वर्षाला पाचशे रुपये होते. पाच माणसांच्या घराला अडीच हजार. आता महापालिकेच्या सभेत कोणी उठून ‘दर घरामागे वर्षाला अडीच हजार रुपये रस्तेपट्टी लावू या’ असा ठराव मांडला असता, तर काय झाले असते? सभागृहातल्या खुर्च्या जागेवर राहिल्या नसत्या. टोलची सोय हीच आहे. कर लावताना हात वर करावा लागतो, टोल लावताना फक्त सही करावी लागते, आणि वसुली सुरू होईपर्यंत सही करणारे सभागृह बदललेले असते.

शिवाय महापालिकेला टोल लावण्याचा अधिकारच नसतो. राज्यात टोलची अधिसूचना निघते ती मुंबई (आता महाराष्ट्र) मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ च्या कलम २० खाली, मंत्रालयातून. म्हणजे रस्ता महापालिकेचा, करार महामंडळाने हाताळलेला, वसुली कंपनीची, अधिसूचना सरकारची. पैसे देणारा या चौघांपैकी ज्याच्या दारात जाईल तो दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. पुढची चार वर्षे नेमके तेच झाले.

नाके

शिरोली, शिये, सरनोबतवाडी, उचगाव, शाहू नाका, आर. के. नगर, कळंबा, पुईखडी, फुलेवाडी. नऊ नाके. नकाशावर हे नऊ ठिपके जोडले की शहराभोवती जवळजवळ पूर्ण कडे तयार होते.

मुंबईची कल्पना इथे उतरवलेली दिसते. मुंबईत उड्डाणपुलांचा खर्च शहराच्या पाच वेशींवर वसूल केला जात होता: दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी. पूल शहराच्या पोटात, नाका दाराशी. मुंबईला खाड्या आहेत, दारे मोजकी आहेत आणि आत शिरणारा माणूस बहुधा दहा-वीस किलोमीटर तरी जातो. कोल्हापूरला नऊ दारे लागली, आणि आत आल्यावर पाच किलोमीटरमध्ये शहर संपते.

समजा, एक माणूस आर. के. नगरात राहतो आणि त्याचे दुकान लक्ष्मीपुरीत आहे. गाडी काढली की नाका. संध्याकाळी पोरांना रंकाळ्यावर न्यायचे, की पुन्हा नाका. त्याच्या घरासमोरचा रस्ता प्रकल्पात नाही, दुकानासमोरचाही नसेल. मधला काही तुकडा प्रकल्पातला. महामार्गावर टोल भरणारा माणूस निदान मनात म्हणतो, की पुण्याला चाललोय, दोन तास वाचले. इथे काय वाचले? आणि पर्यायी रस्ता कुठला? महामार्गाला बाजूचा जुना रस्ता दाखवता येतो, शहराच्या वेशीला तसा दाखवता येत नाही.

हद्दवाढीचा मुद्दा इथे परत आला. ज्यांनी हद्दीत यायला वर्षानुवर्षे नकार दिला होता, त्यांच्याकडून शहराच्या रस्त्यांचे पैसे घ्यायचे, असा या कड्याचा एक अर्थ होता. आर्थिकदृष्ट्या त्यात तथ्य आहे. वापरतो त्याने द्यावे, हे तत्त्व मी चुकीचे मानत नाही. पण ते तत्त्व कोणी लोकांसमोर मोकळेपणाने मांडलेच नाही. शिवाय शहरात राहून औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाराही त्याच कड्यात अडकला. त्यामुळे गाव आणि शहर हे हद्दीवरून भांडणारे दोन्ही पक्ष आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला आले.

खोदल्यावर काय सापडते

रस्ता बांधणे आणि शहरातला रस्ता बांधणे ही दोन वेगळी कामे आहेत. माळरानावर रस्ता करताना खाली मुरूम आणि खडक लागतो. शहरात खाली जलवाहिनी, तिच्या बाजूला कधीतरी घातलेली दुसरी जलवाहिनी, गटार, दूरध्वनीच्या केबली, वीज कंपनीच्या केबली, आणि यातल्या कशाचाही खात्रीचा नकाशा नाही. या वाहिन्या बाजूला सरकवणे, खांब हलवणे, रुंदीकरणात येणारी भिंत पाडणे ही कामे करारात कोणाच्या नावावर आहेत, यावर अर्धा प्रकल्प अवलंबून असतो. कंपनी म्हणते जागा मोकळी करून मिळाली नाही. पालिका म्हणते काम अर्धवट टाकले. दोघांकडे एकमेकांना लिहिलेल्या पत्रांच्या फायली असतात आणि दोन्ही फायली खऱ्या असतात.

कोल्हापुरातल्या तक्रारी याच जातीच्या होत्या. कुठे पदपथ नाही, कुठे गटाराचे तोंड रस्त्याच्या पातळीशी जुळत नाही, कुठे दिवे नाहीत, कुठे वाहिनी काँक्रीटखाली तशीच गाडली गेली. टोलविरोधी कृती समितीचे म्हणणे असे, की काम पुरे नाही, दर्जा नाही, मग टोल कशाचा. कंपनीचे म्हणणे असे, की करारानुसार काम झाले, पैसे अडकले, बँकेचे व्याज कोणासाठी थांबत नाही. अशा करारांत काम ठरावीक टप्प्याला पोचले की तात्पुरता पूर्णत्वाचा दाखला देता येतो आणि उरलेल्या कामांची यादी जोडून वसुली सुरू करता येते. महामार्गावर ही तरतूद शहाणपणाची आहे: शंभर किलोमीटर झाले, एक पूल राहिला, तर शंभर किलोमीटरचा टोल घ्या. शहरात मात्र राहिलेले काम नेमके एखाद्याच्या उंबऱ्यासमोर असते. तुमच्या लेखी ते उरलेले दोन टक्के, आणि त्याच्या लेखी पावसाळ्यात घरात शिरणारे शंभर टक्के पाणी.

देणार न्हाय

२०१२ च्या सुरुवातीपासून आंदोलनाने जोर धरला. सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समिती, आणि पुढे एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे. दोघेही वयाने ऐंशीच्या आसपास, दोघेही डावे, दोघांनाही कराराचे कलम आणि रस्त्यावरचा माणूस या दोन्हींची भाषा येत होती. पण हे आंदोलन डाव्यांचे राहिले नाही. कोल्हापूरचे बळ तालमींत आणि मंडळांत आहे. एकमेकांच्या मिरवणुकीला वाट न देणाऱ्या तालमी ‘टोल देणार न्हाय’ म्हणत एका मोर्चात चालल्या. व्यापारी आले, वकील आले, बाया आल्या. एखाद्या शहराने वित्तपुरवठ्याच्या रचनेवरून इतका मोठा मोर्चा काढल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही. (मोर्चात ‘वित्तपुरवठ्याची रचना’ हे शब्द कोणी उच्चारले नसतील, हे कबूल.)

ऑक्टोबर २०१३ मध्ये पोलीस बंदोबस्तात वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये उपोषण, मंत्र्यांची आश्वासने, आणि वसुली थांबत नाही असे दिसल्यावर १२ जानेवारीला लोकांचा भडका. नाक्यांच्या केबिनी पेटल्या. फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने वसुलीला स्थगिती दिली. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली आणि वसुलीची वाट मोकळी केली. कराराच्या नजरेने पाहिले तर कंपनीची बाजू भक्कम होती, हे यातून दिसते. पण नाका चालवायला न्यायालयाचा आदेश पुरत नाही. नाक्यावर बसायला माणूस लागतो आणि त्याच्या मागे रोज पोलीस उभा करावा लागतो.

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी पानसरे यांच्यावर सकाळी फिरून परतताना गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला ते गेले. त्या खुनाचा तपास आणि खटला हा वेगळा, मोठा विषय आहे. इथे नोंद एवढीच, की आंदोलनाचा एक खांदा गेला तरी आंदोलन थांबले नाही.

तोवर राज्यातले वारेही फिरले होते. जून २०१४ मध्ये आघाडी सरकारने ४४ नाके बंद केले होते. २०१५ मध्ये युती सरकारने आणखी १२ बंद केले आणि ५३ नाक्यांवर मोटारी व एसटीला सूट दिली. कोल्हापूर मात्र दोन्ही यादींत सहज बसत नव्हते, कारण ३० वर्षांच्या कराराची जेमतेम सुरुवात झालेली. करार म्हातारा असला तर मोडायला स्वस्त पडतो. तरणा करार मोडायचा म्हणजे पुढच्या वीसहून जास्त वर्षांच्या वसुलीची किंमत मोजावी लागते. वसुलीला आधी स्थगिती, मग स्थगितीला मुदतवाढ, मध्ये नोव्हेंबर २०१५ ची महापालिका निवडणूक, आणि डिसेंबरच्या अखेरीस टोल रद्द. २०१६ च्या सुरुवातीला अधिसूचना मागे घेतली गेली. गुलाल उधळला गेला, साखर वाटली गेली. ते अगदी स्वाभाविक होते.

बिल कोणी भरले

माझ्या नव्या लेखापालांना मी इथे थांबवतो आणि विचारतो: टोल रद्द झाला म्हणजे काय झाले? बहुतेकांचे उत्तर असते, ‘लोकांचे पैसे वाचले.’

कोल्हापूरकरांचे वाचले, हे खरे. पण रस्ते बांधून झाले होते, कर्ज उचलले गेले होते, त्यावर व्याज चढले होते. ते कुठेतरी जाणारच. साडेचारशे कोटी राज्याच्या सव्वाअकरा कोटी लोकांवर पसरले तर माणशी चाळीस रुपये होतात. कोणाला जाणवणारही नाहीत. गडचिरोलीतल्या, नंदुरबारमधल्या ज्या माणसाने कोल्हापूर पाहिलेले नाही, त्याने चाळीस रुपये दिले, आणि आर. के. नगरातल्या मोटारवाल्यानेही चाळीसच. एकाची जाणवणारी वसुली संपली आणि सगळ्यांची न जाणवणारी झाली. राजकारणात याला तोडगा म्हणतात. लेखापालाने निदान त्याची नोंद कोणत्या शीर्षाखाली येते ते पाहावे.

भागीदारीचे सगळे शास्त्र एका प्रश्नाभोवती फिरते: कोणती जोखीम कोणी घ्यायची. बांधकामाची जोखीम कंपनीकडे, भूसंपादनाची सरकारकडे, वाहतूक कमी-जास्त होण्याची कंपनीकडे, व्याजदराची कंपनीकडे. करारात याचे तक्ते असतात. पण लोकांनी ‘देणार नाही’ म्हटले तर? ही जोखीम बहुतेक करारांत ‘राजकीय घटना’ अशा एखाद्या कलमात झाकलेली असते आणि त्या कलमाचा अर्थ एकच: सरकार भरेल. त्यामुळे कंपनीला लोकांची संमती मिळवण्याची निकड नसते, कारण तिची भरपाई ठरलेली. महापालिकेला नसते, कारण पैसा तिचा नाही. महामंडळाला नसते, कारण ते मुंबईत. संमती हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते. कोल्हापुरात चूक झाली असे मला वाटते ती इथे. रस्त्याच्या दर्जावरून वाद झाला नसता तरी, माझ्या मते, हे नाके टिकले नसते.

उलट उदाहरण हवे असेल तर तेव्हा चेन्नईला लागून असलेले आलंदूर पाहा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथल्या नगरपालिकेला भुयारी गटार योजना करायची होती. मैलाशुद्धीकरण केंद्र खासगी कंपनीने बीओटीवर बांधायचे, बाकी पैसा कर्ज, अनुदान आणि लोकांकडून. नगरपालिकेने आधी घरोघरी जाऊन जोडणीसाठी ५,००० रुपये अनामत मागितली आणि पुढे महिना १५० रुपये पडतील हे सांगितले. नगराध्यक्ष स्वतः गल्लोगल्ली सभा घेत फिरले. जमिनीत एक पाइप पडायच्या आधी हजारो घरांनी पैसे भरले. ज्याने आधी पैसे भरले, तो नंतर कामावर लक्ष ठेवतो आणि चौकात उभा राहून ठेकेदाराला जाबही विचारतो.

अर्थात गटार आणि रस्ता यांत फरक आहे. गटाराची जोडणी घराच्या दाराशी संपते, पैसे दिले नाहीत तर जोडणी नाही. रस्त्याला असे दार नसते, म्हणून तर नाका लागतो. तेव्हा आलंदूरचा साचा कोल्हापुरात तसाच बसला असता असा माझा दावा नाही. पण नऊ नाक्यांऐवजी सरकारने काही वाटा आधी उचलणे आणि उरलेला कंपनीला ठरलेल्या वार्षिक हप्त्यांनी देणे, हा मार्ग होता. केंद्राने राष्ट्रीय महामार्गांसाठी ‘हायब्रिड ॲन्युइटी’ ही तशीच पद्धत जानेवारी २०१६ मध्ये मंजूर केली: बांधकामाच्या काळात ४० टक्के सरकार देणार, ६० टक्के कंपनी घालणार आणि ते तिला हप्त्यांनी परत मिळणार, नाक्यावर किती गाड्या येतात याची चिंता तिने करायची नाही. कोल्हापूरचा टोल गेला त्याच हिवाळ्यात ही पद्धत आली. योगायोगच म्हणायचा, पण टोलच्या जोखमीला कंपन्या आणि बँका तोवर देशभर कंटाळल्या होत्या, हेही खरे. मुंबईच्या पाच वेशींवरही ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. ज्या साच्यावरून कोल्हापूरचे कडे काढले, तो साचाही शेवटी त्याच वाटेने गेला.

जे करारासोबत गेले

गुलालाच्या दिवशी एक कलम कोणाला आठवले नाही. ३० वर्षांच्या करारात ३० वर्षांची देखभाल असते. टोल घेणाऱ्याने खड्डे बुजवायचे, ठरावीक वर्षांनी नवा थर द्यायचा, गटारे मोकळी ठेवायची आणि २०३८ च्या आसपास रस्ते चांगल्या अवस्थेत पालिकेला परत करायचे. वसुली गेली तशी ही जबाबदारीही गेली. ४९.९९ किलोमीटर परत महापालिकेकडे आले, त्याच महापालिकेकडे, जिच्याजवळ पैसा नाही म्हणून हा सगळा खटाटोप सुरू झाला होता. दरम्यान ऑगस्ट २०१५ पासून एलबीटीही बहुतांश व्यापाऱ्यांसाठी बंद झाला. हद्द आहे तिथेच आहे. उचगावची, पाचगावची वाहने मात्र वाढली.

मी जेव्हा या रस्त्यांवरून जातो, तेव्हा सवयीने डावीकडे पाहतो. पदपथाला लागून जिथे पाणी वाहून जायची जाळी असते, तिथे पहिल्या पावसात कळते की देखभाल कोणाकडे आहे. गेल्या पावसाळ्यात एका चौकात जाळीवर पालापाचोळा आणि प्लॅस्टिक अडकून पाणी साचले होते. पलीकडच्या दुकानातला मुलगा छत्री बगलेत धरून काठीने ते मोकळे करत होता. मी त्याला सहज विचारले, की महापालिकेला कळवले का. तो म्हणाला, “कळवलंय की. बजेटात बसलं की येतील म्हणाले.”